नान्सिओच्या नावाड्याची बायको

ज्या वर्षी लुहेंदेच्या थोरल्या बहिणीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. साल दोन हजार चौदा. आधी आला तो कुल्वा, पाठोपाठ आला तो दोतो. सुकुमा जमातीच्या घरात जुळ्यांची नावं शोधत बसावं लागत नाही, ती ठरलेलीच असतात. ठरलेलं नव्हतं ते त्यांचं रडणं. एक थांबला की दुसरा सूर धरायचा. लुहेंदे बहिणीकडेच राहायचा, त्यामुळे त्याची झोप पहाटेच संपायची आणि तो कामावर वेळेच्या दोन तास आधी जाऊन पोचायचा.

म्हणून न्यांगेता त्याला भेटली ती सकाळी साडेसहाला, सरोवराकाठच्या म्वांझा शहरात, न्येगेझी बसथांब्यावर, एका बस कंपनीच्या तिकीट खिडकीत. सरोवरावरून गार वारा येत होता. ऑफिसचं दार उघडलेलं नव्हतं, तीन खिडक्यांपैकी दोन नंबरचीच तेवढी उघडी होती. आत जायला दुसरी वाट दिसेना म्हणून लुहेंदे रांगेत उभा राहिला.

"कुठं?" मान वर न करता तिनं विचारलं.

"कुठंच नाही."

"कुठंच नाहीची बस भरली. उद्या या."

मागं कोंबड्यांची टोपली घेऊन उभा असलेला माणूस फिसकन हसला.

"तसं नाही... मालकांनी बोलावलंय. तुमचे कॉम्प्युटर बंदोबस्तात ठेवायला आलोय."

आता तिनं वर बघितलं. कानाच्या मागं पेन, ओठाच्या कोपऱ्यात उकडलेल्या कसाव्याच्या कंदाचा एक कण. "अच्छा," ती म्हणाली, "तुरुंगवाले तुम्ही."

"तुरुंगवाला नाही. कुलूपवाला."

"कैद्याला फरक समजावून सांगा," ती म्हणाली आणि दार उघडायला उठली. उठताना तो कण तिनं जिभेनं टिपला. लुहेंदेला उगाचच वाटलं, आजचा दिवस बरा जाणार.

काम असं होतं. तीन नंबरच्या खिडकीवरचा बहाती फावल्या वेळात भलतेसलते सिनेमे उतरवून घ्यायचा. त्यातून यंत्रात काहीतरी शिरलं आणि टाबोराच्या गाडीची सतरा नंबरची सीट दोघांना विकली गेली. त्यातला एक धर्मगुरू होता आणि दुसरा पोलीस. दोघंही उठायला तयार होईनात, शिन्यांगापर्यंत एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे गेले. ते ऐकून कैजागे मालकांनी लुहेंदेला बोलावलं होतं. आता प्रत्येक यंत्र सुरू झालं की थेट तिकिटांचं पान उघडणार, पडदाभर. वर पत्त्याची पट्टी नाही, कोपऱ्यात बंद करायची फुली नाही, खाली घड्याळसुद्धा नाही. कुठलंही बटण दाबलं तरी पान हलणार नाही. यादीत जी पानं लिहिली असतील तेवढीच उघडतील. बाकी सगळं जग बंद, आणि यादीची किल्ली लुहेंदेच्या हातात.

कैजागे मालक मात्र मवाळ माणूस होता. "हे बघ पोरा," ते म्हणाले, "मी काही जेलर नाही. जेवणाच्या सुट्टीत कुणी निरुपद्रवी काही बघत असेल तर ते घाल यादीत. तूच विचार, तूच ठरव. मला त्यातलं काही कळत नाही."

तूच ठरव. ह्या दोन शब्दांनी पुढं घोटाळा केला.

तिसऱ्या दिवशी दोन नंबरच्या यंत्राची पाळी आली. लुहेंदे न्यांगेताच्या खुर्चीत बसला. खुर्ची अजून ऊबदार होती. ती मागं उभी राहून त्याच्या खांद्यावरून बघत होती, आणि तिच्या केसांतल्या खोबरेलाचा वास त्याच्या मानेपाशी रेंगाळत होता.

"आणि मला सरोवर बघावंसं वाटलं तर?" तिनं विचारलं.

"मान वळवायची. सरोवर तिकडं आहे."

"आणि तुम्हाला बघावंसं वाटलं तर?"

लुहेंदेची बोटं चुकली. जे लिहायचं ते दोनदा लिहिलं गेलं.

"म्हणजे यंत्र बिघडलं तर, असं म्हणत होते मी," ती सावकाश म्हणाली आणि चहा आणायला निघून गेली.

कुठली पानं ठेवायची हे कळायला आधी कुठली उघडली गेली हे बघावं लागतं. कामाचाच भाग तो. लुहेंदेनं जुनी नोंद उघडली. तिकिटं, तिकिटं, हवामान, तिकिटं... आणि रोज साडेअकराला, न चुकता, एक वेगळंच पान. शहरातल्या रेडिओचं, सलामांचं. पूर्वी लोक कार्डावर लिहून रेडिओला सलाम पाठवायचे, आता ह्या पानावरूनही पाठवतात, आणि दुपारी बाराला निवेदक ते एकेक करून वाचतो. निरुपद्रवी आहे की नाही हे ठरवायला आत काय आहे ते वाचलं पाहिजे, असं लुहेंदेनं स्वतःला सांगितलं. आणि वाचलं.

"दोन नंबरच्या खिडकीवरून न्यांगेता. नान्सिओच्या नावाड्याला, माझ्या नवऱ्याला सलाम. जेवलास का? वारा सुटलाय, होडी फार आत नेऊ नकोस."

खाली कालचं उत्तर होतं, सरोवरातल्या बेटावरच्या नान्सिओहून, कार्ड बघून तिथल्या दुकानदारानं ह्याच पानावर उतरवलेलं. "नान्सिओचा नावाडी म्हणतो, बायको, मोठा मासा लागला की तुझं नाव घेऊन ओढतो. तिथं शहरात इकडंतिकडं बघू नकोस."

न्यांगेता दोन कप घेऊन परत आली तेव्हा लुहेंदेच्या पडद्यावर फक्त तिकिटं होती.

"तुमचं..." त्यानं उगाच माउस हलवला. "लग्न झालंय का तुमचं?"

"जन्मल्या दिवशीच," ती हसून म्हणाली आणि त्याच्या कपात न विचारता दोन चमचे साखर घातली. "का हो? यादीत लिहायचंय?"

मग तीच म्हणाली, "रेडिओचं तेवढं पान ठेवाल ना? खिडकीवर बसताना फोन मालकांच्या खणात जातात आमचे, आणि माझ्या साध्या फोनवर पान उघडतही नाही. तेवढंच एक बघते मी."

"मालकांना विचारतो," लुहेंदे म्हणाला.

त्यानं विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती, ठरवायचं त्यालाच होतं. रात्री जुळ्यांचं रडणं ऐकत तो पडून राहिला आणि त्या नावाड्याचे खांदे मोजत राहिला. रुंद खांदे. वल्ह्यानं घट्टे पडलेले हात. पांढरेशुभ्र दात. कपाळावर घाम, तोही शोभून दिसणारा. तिचं नाव घेऊन मासा ओढतो म्हणे. लुहेंदेनं आयुष्यात कधी काही ओढलं नव्हतं, वायर सोडली तर.

सकाळी तिनं विचारलं. "काय म्हणाले मालक?"

"नाही म्हणाले."

"बरं," ती म्हणाली. "मालकच ते." आणि वर्तमानपत्राच्या कागदातून कसाव्याचा एक तुकडा त्याच्यापुढं सरकवला. "घ्या. पहाटे उठून येता, उपाशीच असाल."

लुहेंदेनं तो खाल्ला. गोड लागला.

थांब्याच्या टोकाला सिकुजुआ मावशीचं चहाचं छप्पर होतं, चहाबरोबर वितुंबुआ, म्हणजे तांदळाचे गोड आप्पे, मिळायचे. तिथं दिवसभर रेडिओ चालायचा. बारा वाजता लुहेंदे तिथं जाऊन बसायला लागला.

"काय रे, तोंड असं का? वितुंबुआ आंबट झाला का माझा?" सिकुजुआ मावशीनं विचारलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं, म्हणून त्यानं सगळं सांगितलं. फक्त पान कुणी बंद केलं, तेवढं सोडून.

मावशी तव्यावरून हात न काढता हसली. "अरे बावळटा, आजोबा असेल तिचा. नात म्हणजे आजोबाची बायकोच की. माझा नातू मला बायको म्हणतो, आणि नवऱ्यासारखा खातोही."

"मला ठाऊक नाही होय ते? माझी आजीसुद्धा मला नवरा म्हणायची. पण तिचा आजोबा गेला. खिडकीत फोटो लावलाय, काळी फीत घालून. मी विचारलं, तीन वर्षं झाली म्हणाली."

"हं. मग अवघड आहे." मावशीनं त्याच्या पुढ्यात आणखी एक वितुंबुआ टाकला. "बायकांच्या सवतीमत्सराला औषध नसतं म्हणतात. पुरुषांच्याला तर नावसुद्धा नाही."

तेवढ्यात निवेदकानं वाचलं. "नान्सिओचा नावाडी दोन नंबरच्या खिडकीला विचारतो, बायको, काल तुझा सलाम नाही आला?"

लुहेंदेला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, चांगलंच बरं वाटलं. चहा आणखी एक मागवला त्यानं.

दुसऱ्या दिवशी नावाड्यानं विचारलं, "आजारी आहेस का?" तिसऱ्या दिवशी, "माझं काही चुकलं का?" तो चहा लुहेंदेला संपवता आला नाही. चौथ्या दिवशी नान्सिओहून काहीच आलं नाही.

त्या चार दिवसांत न्यांगेताचं मात्र त्याच्याशी वागणं आणखी मऊ होत गेलं. रोज कसाव्याचा तुकडा. एकदा तर खिडकीचा पडदा ओढताना तिचा हात त्याच्या हातावर पडला आणि तो तिनं लगेच उचलला नाही. "तुम्ही" कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही. आणि लुहेंदेचा जीव आणखीच जळत होता. नवरा तिकडं पाण्यात, आणि ही इकडं अशी बघते! मग वाटायचं, बघू दे. मग वाटायचं, ही माझ्याकडं बघते तशी आणखी किती जणांकडं... एका नावाड्यावर जळता जळता तो कोंबडीवाल्यावरसुद्धा जळायला लागला होता, कारण त्याच्या विनोदाला ती हसली होती.

"कार्ड पाठवलं मी," तिसऱ्या दिवशी ती आपणहून म्हणाली होती. "पण कार्ड वाचायला आठवडा लावतात. तो काळजी करत असेल."

"फोन नाही का त्याच्याकडं?" लुहेंदेनं विचारलं. आवाज जरा कडकच लागला.

"दोन फोन पाण्यात पाडले त्यानं. तिसरा घेत नाही. माशांना द्यायचेत का म्हणतो." आणि ती हसली, पण डोळ्यांनी हसली नाही.

पाचवा दिवस गुरुवार. नान्सिओच्या बोटीचा दिवस. लुहेंदे तीन नंबरच्या यंत्रावर शेवटचं काम करत होता. बहाती त्याला "सिनेमा नको, निदान फुटबॉलचे आकडे तरी राहू दे" म्हणून विनवत होता. तेव्हा बाजूच्या खिडकीवर काठीचा ठक्क आवाज झाला.

"कुठं?" न्यांगेतानं मान वर न करता विचारलं.

"बायकोकडं."

काचेपलीकडं एक वाळकासा म्हातारा होता. डोक्यावर विटकी टोपी, खाकी कोटाचं एक बटण वेगळ्या रंगाचं, काखेत केळीच्या पानात गुंडाळलेला मासा. वर मागचे दोन दात तेवढे शिल्लक.

न्यांगेता खुर्चीतून उठली ती दारातून बाहेर धावत गेली. रांगेतली माणसं कुरकुरली.

"मेली म्हटलं," म्हातारा मोठ्यानं म्हणाला, त्याला कमी ऐकू येत असावं. "नाहीतर दुसरा केला म्हटलं. चार दिवस बरा कान रेडिओला लावून बसलो, आता तोही दुखायला लागला. बोटीतला पोरगा म्हणाला, आजोबा, तुमच्या छातीचं दुखणं, लाटा मोठ्या आहेत, येऊ नका. मी म्हटलं, तू तुझी बायको सांभाळ."

"अरे नवऱ्या, तुला कुणी सांगितलं एवढ्या लांब यायला!" ती त्याच्या कोटाची बटणं नीट लावत होती, आणि लावता लावता रडत होती. मग तिनं मागं वळून सगळ्यांना सांगितलं, "माझ्या आईचे वडील. माझिगो आजोबा. पन्नास वर्षं होडी चालवली, आणि साठाव्या वर्षी अक्षरं शिकले, प्रौढांच्या वर्गात. कार्डं स्वतःच्या हातानं लिहितात."

फोटोतले आजोबा तिच्या वडिलांचे वडील होते. माणसाला आजोबा दोन असतात. एवढी साधी गोष्ट सुकुमांच्या भरल्या घरात वाढलेल्या लुहेंदेच्या डोक्यात आली नव्हती. मत्सर माणसाला एवढंसुद्धा मोजू देत नाही.

"पान बंद केलं," न्यांगेता म्हाताऱ्याच्या बऱ्या कानात सांगत होती. "मालकांनी."

"कुठं बसतो तो मालक?" म्हाताऱ्यानं काठी उचलली. "असले मालक मी पैलतीरी नेलेत. ओले करून नेलेत. मी बोलतो त्याच्याशी."

तो खरोखरच कैजागे मालकांच्या दाराकडं निघाला. काठी, मासा, सगळं घेऊन. लुहेंदेनं पुढं बघितलं. मालक आत होते. दार उघडलं की सगळं बाहेर येणार होतं, आणि ते मालकांच्या तोंडून न्यांगेताच्या कानावर पडणार होतं. तो धावत जाऊन दारात आडवा उभा राहिला.

"शिकामू, आजोबा." मोठ्यांना करायचा नमस्कार त्यानं केला. "मालकांनी नाही. मी बंद केलं."

"काय म्हणतो हा?"

"मी बंद केलं," लुहेंदे मोठ्यानं म्हणाला, बऱ्या कानासाठी. तीन खिडक्यांपुढच्या तिन्ही रांगांनी ऐकलं. "मालक म्हणाले होते, निरुपद्रवी असेल तर राहू दे. मी त्यांना विचारलंसुद्धा नाही."

"का रे बाबा? मी तुझं काय केलं?"

"मला वाटलं... तुम्ही तरुण असाल."

म्हातारा त्याच्याकडं बघत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले, मग काठी, मग काखेतला मासा. खोकला येईपर्यंत हसला. "ऐकलंस बायको? माझा हेवा केला ह्यानं! बटणं वेगवेगळी लावून फिरतो मी, आणि म्वांझा शहरात एक पोरगा माझ्यावर जळतोय!"

रांगा हसल्या, बहाती हसला. न्यांगेता हसली नाही.

"चार दिवस तू मालक म्हणत होतास," ती म्हणाली.

"हो."

"आणि मी रोज सकाळी तुला कसावा देत होते."

"हो."

"तू माझं लिहिलेलं वाचलंस. वाचलंस आणि बंद केलंस, आणि हा म्हातारा दुखऱ्या छातीनं लाटांतून आला."

न्यांगेता आपल्या खुर्चीत जाऊन बसली. कानामागचं पेन काढलं आणि काचेकडं बघत म्हणाली, "पुढचा."

त्याच दुपारी लुहेंदेनं मालकांना सगळं सांगितलं, बोलणी खाल्ली आणि रेडिओचं पान यादीत घातलं. तिनं ते उघडलं नाही. माझिगो आजोबा मासा खाऊन, दोन दिवस राहून परत गेला. ती कार्ड लिहून बोटीवाल्याकडं द्यायला लागली, आठवडा लागला तरी. सकाळी कसाव्याचे दोन तुकडे आणायची आणि लुहेंदेच्या समोर दोन्ही स्वतः खायची, सावकाश. काम संपलं होतं तरी तो काही ना काही निमित्त काढून येत होता. तिला ते दिसत होतं. तिनं एकदाही "कुठं?" असं विचारलं नाही.

आता त्याला नावाड्याचा हेवा वाटत होता तो वेगळाच. त्याच्यावर ती रागावली तरी रडत बटणं लावायची.

दुसऱ्या आठवड्यात बारा वाजता सिकुजुआ मावशीनं रेडिओचा आवाज वाढवला. "गप बस रे, तुझंच आहे."

"नान्सिओचा नावाडी," निवेदक वाचत होता, "न्येगेझीच्या कुलूपवाल्याला सलाम सांगतो. पोरा, बायको रागावली की गप्प बसायचं नसतं, हे मी चाळीस वर्षं संसार करून शिकलो. आणि दुसरं, माझी बायको फुकट मिळत नाही."

मावशी पोट धरून हसली. "ब्लँकेट मागतोय म्हातारा. मुलीच्या बोलणीत आजोबाचं ब्लँकेट वेगळं द्यावं लागतं, ठाऊक आहे ना? बायको नेतोस त्याची, थंडी वाजेल ना त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला लुहेंदे रांगेत उभा राहिला. पुढं चार माणसं होती, मागं कोंबडीवाला.

पाळी आली. तिला विचारावंच लागलं. "कुठं?"

"रेडिओवर."

तिनं वर बघितलं.

"एक सलाम पाठवायचाय," तो म्हणाला. "पान उघडं आहे. पण खिडकी तुझी आहे, मी तिथं हात लावणार नाही."

मग तिनं पान उघडलं. "कुणाकडून?"

"कुलूपवाल्याकडून."

"कुणाला?"

"नान्सिओच्या नावाड्याला."

"मजकूर?"

"मी तुमचा मत्सर केला." तो थांबला. "अजून करतो."

तिची बोटं चालत होती. चेहरा तिकीट काढताना असतो तसाच.

"पुढं?"

"ब्लँकेट... कुठल्या रंगाचं आणू?"

बोटं थांबली. सरोवराच्या वाऱ्यानं खिडकीचा पडदा जरासा फुगला आणि खाली बसला.

"ताई," कोंबडीवाला मागून म्हणाला, "बुकोबाची गाडी सुटेल हो. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा."

तिनं ओळ पुरी केली. मग त्याला दिसू नये म्हणून खांदा वळवून आणखी काहीतरी लिहिलं आणि पाठवून दिलं. "बाराला ऐका," ती म्हणाली. "पुढचा."

बारा वाजता सिकुजुआ मावशीच्या छपराखाली बहाती होता, कोंबडीवाला होता, गाडी चुकवून थांबला होता तो. निवेदकानं कुलूपवाल्याचा सलाम वाचला, रंगाच्या प्रश्नासकट. मग म्हणाला, "आणि खाली दोन नंबरच्या खिडकीची जोड आहे. नवऱ्या, पातळ ब्लँकेट घेऊ नकोस. जाड माग. ह्यानं तुला लाटांतून आणलंय."

लुहेंदेनं मान वळवली. दोन नंबरच्या खिडकीत पडदा अर्धा ओढलेला होता, आणि अर्ध्यातून ती बघत होती. तिच्या हातात वर्तमानपत्राचा कागद होता. त्यात एक तुकडा उरला होता.

माझिगो आजोबानं लाल मागितलं, काळ्या पट्ट्यांचं. लुहेंदे ते घेऊन स्वतः बोटीनं गेला, आणि वाटेत दोनदा ओकला. म्हाताऱ्यानं ब्लँकेट हातानं चाचपून बघितलं, जाड आहे म्हणाला, आणि आपली बायको दिली. लग्न पुढच्या वर्षी झालं, जुळ्यांच्या पाठीवरचा शिजा (तेही नाव ठरलेलंच) जन्मला त्या महिन्यात. दोन नंबरच्या खिडकीवरून सलाम मात्र रोज जात राहिला, "माझ्या पहिल्या नवऱ्याला" म्हणून, आणि लुहेंदे रोज बाराला तो तोंड वाकडं करून ऐकत राहिला.

माझिगो आजोबा दोन हजार अठरा साली, एप्रिलच्या सतरा तारखेला, मंगळवारी सकाळी, नान्सिओला आपल्या घरी वारला.